पोटातले जंतू आणि खानदेशी पाहुणचार

माझी बायको लोकांच्या पोटातले जंतू मोजते. लग्न ठरताना मुलगी प्राध्यापक होणार आहे एवढंच मला सांगितलं होतं. ती झालीही, पण गेली तीन वर्षं तिनं हा विषय धरल्यापासून आमच्या घरी जेवताना काय बोलायचं आणि काय नाही याला काही धरबंध उरलेला नाही.

सुनंदाचं म्हणणं थोडक्यात सांगतो. आपल्या आतड्यात अगणित जंतू राहतात. भाकरीतला, डाळीच्या सालीतला जो कोंडा आपल्याला पचत नाही, तो ते खातात आणि त्यातून अशी काही आम्लं तयार करतात की आतड्याचं अस्तर धड राहतं, शरीरातली बारीक सूज कमी राहते, साखर ताब्यात राहायला मदत होते. कोंडा मिळाला नाही की त्यांच्यातल्या कित्येक जाती कमी होत जातात. मधुमेह, रक्तदाब, यकृतावरची चरबी असे जे आजार एकदा आले की जन्मभर मुक्काम करतात, त्यांच्याशी या जंतूंचा संबंध किती, हे तिला शोधायचं आहे. मी भूगोलाचा निवृत्त मास्तर आणि सात वर्षांचा जुना मधुमेही, त्यामुळे तिला घरातच एक नमुना आयता मिळालेला आहे.

या कामासाठी तिनं शिंदखेडा तालुक्यातलं एक गाव निवडलं होतं. त्या गावातली बरीच माणसं मागच्या पिढीत रेल्वेत लागून भुसावळला गेली. म्हणजे घराणं एकच, पण काहींचं ताट गावातलं आणि काहींचं कॉलनीतलं. दोन्हीकडच्या माणसांनी चार दिवस रोज काय खाल्लं ते वहीत लिहायचं आणि पाचव्या दिवशी सकाळी छोट्या बाटलीत नमुना द्यायचा. कशाचा नमुना ते सुज्ञांना सांगायला नको. तिची सहायक बाळंतपणाच्या रजेवर गेली, म्हणून बाटल्यांची पेटी उचलायला मी तिच्याबरोबर पुण्याहून निघालो. मार्चचे दिवस होते. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण लोकांनी आपल्या ताटातलं आम्हाला विश्वासानं सांगितलं आहे.

भुसावळ

भुसावळच्या वह्या सुनंदानं आधीच टपालानं पाठवल्या होत्या, त्यामुळे तिथं फक्त गोळा करायचं काम होतं. रेल्वे कॉलनीत बैठी घरं, अंगणात कडुनिंब, आणि बोलता बोलता गाडीचा भोंगा झाला की सगळे घड्याळाकडे बघतात. गाडी वेळेवर आहे की नाही हे तपासल्याशिवाय त्यांचं पुढचं वाक्य येत नाही.

एका निवृत्त गार्डसाहेबांनी आम्हाला बाटली दिली ती स्वच्छ रुमालात बांधून, वर चिठ्ठी चिकटवून. चिठ्ठीवर नाव, तारीख, सही आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'सुटण्याची वेळ ५.४२. दोन मिनिटं उशीर.' सुनंदानं ती चिठ्ठी अत्यंत गंभीरपणे वाचली. मला मात्र अंगणात जाऊन कडुनिंबाकडे बघत उभं राहावं लागलं.

गार्डसाहेबांची वही चहा, पाव, बिस्किटं आणि वेळी-अवेळी खाल्लेल्या डब्यानं भरलेली होती. नोकरी संपून आठ वर्षं झाली तरी जेवणाची वेळ काही जागेवर आली नाही, असं ते म्हणाले. त्यांना रक्तदाब आणि साखर दोन्ही आहे. निघताना म्हणाले, "गावाला माझी मोठी वहिनी आहे, सरूअक्का. पंच्याहत्तरी ओलांडली, पण अजून काटक. तिचं पोट बघा तुम्ही. तिला काही होत नाही, कारण ती भाकरी खाते."

सुनंदाचे डोळे चमकले. तिला नेमकी हीच जोडी हवी होती.

मध्ये एक दिवस जळगावला थांबलो. तिथं हिरव्या लांब वांग्यांचं भरीत खाल्लं. काड्यांवर भाजलेली वांगी बडजी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचून, हिरवी मिरची, लसूण आणि शेंगदाणे घालून केलेलं. आमच्याकडे भरतात टोमॅटो घालतात असं मी सांगितलं, तर वाढणाऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे अशा काही दयेनं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

गावात, बुधवार

जळगावहून पॅसेंजरनं नरडाणा, तिथून रिक्षानं गाव. आमची उतरायची सोय हिंमतनानांकडे होती. नाना म्हणजे साठीचे कापूस उत्पादक, आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या आणि साखर माझ्यासारखीच. ओट्यावर पाय ठेवतो न ठेवतो तोच आतून पुरणाचा वास आला.

खापरावरची पुरणपोळी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना ती सांगून पटणार नाही. चुलीवर मातीचं खापर पालथं घालतात. पोळी लाटण्या-पोळपाटाविना, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत फिरवत फिरवत वाढवतात आणि सुपाएवढी झाली की खापरावर टाकतात. नानांच्या बायकोनं हे माझ्यासमोर केलं. पाच पदर सुटलेली ती पोळी, सोबत तिखट रशी म्हणजे कटाची आमटी, कुरडई, भजी. सुनंदानं डोळे वटारले, पण मी म्हणालो, "अभ्यास आहे." दोन पोळ्या खाल्ल्या आणि तोंड भरून कौतुक केलं. ओट्यावर आलेल्या प्रत्येकाला सांगितलं की असं पुरण मी जन्मात खाल्लं नाही.

तिथंच माशी शिंकली.

पुढचे तीन दिवस आम्ही घरोघर फिरलो. तीस घरांत वह्या दिल्या होत्या. सुनंदा लोकांना समजावून सांगायची. नाना एकदा म्हणाले, "म्हंजे मनी साखर या जंतूसनी वाढाई का?"

"एकट्या त्यांच्यावर आळ घेता येणार नाही, नाना," सुनंदा म्हणाली. "जंतू बिघडले म्हणून साखर वाढली, की साखर वाढली म्हणून जंतू बिघडले, हे अजून पुरतं कळलेलं नाही. तेच शोधतोय."

"मंग शोधा," नानांनी परवानगी दिली आणि पुन्हा जेवायला बसवलं. एका घरी वरण-बट्टी, दुसऱ्या घरी श्रीखंड, तिसऱ्या घरी पुन्हा पुरण. मी स्वर्गात होतो.

रविवार

रविवारी सकाळी सुनंदानं वह्या तपासायला घेतल्या आणि एकेक पान दोनदा उलटून पाहू लागली.

"हे बघ," ती शेवटी म्हणाली. "पुरणपोळी. पुरणपोळी. बट्टी, तूप. श्रीखंड. भजी. तीस घरं, तीन दिवस, आणि एकाही घरात भाकरी भाजलेली नाही. ज्वारीच्या गावात!"

तेवढ्यात सरूअक्का आल्या. गार्डसाहेबांच्या याच त्या वहिनी. बारीक अंगाच्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, चालणं असं की मागून येणाऱ्याला धाप लागावी. त्यांनी वह्यांच्या ढिगाकडे पाहिलं आणि सरळ सांगून टाकलं, "बाई, हाई बठ्ठं खोटं शे. खापरनी पोळी काय आमी रोज खातस? आखाजीले, दिवाळीले, नहीतं पाव्हना उना का. मनी वहीमा बी पोळी लिखेल शे. मी खादीच नही."

मग उलगडा झाला. ही पोळी अक्षय्य तृतीयेला, दिवाळीला, नाहीतर पाहुणा आला तरच होते. पुण्याचे पाहुणे आलेत, त्यांना पुरण आवडतं ही बातमी मी स्वतःच गावभर केली होती. त्यात आपण काय खातो ते वहीत लिहून पुण्याला जाणार. रोजची कळण्याची भाकरी आणि ठेचा, असं आपल्या घराच्या नावावर कोण लिहू देईल? ज्यांनी पुरण केलं त्यांनी ते लिहिलं आणि ज्यांनी नाही केलं त्यांनीही ते लिहिलं.

सुनंदानं पुण्याला प्रकल्पाच्या मुख्यांना फोन लावला. ते सज्जन गृहस्थ आहेत, पण नियमाला पक्के. पुढच्या रविवारपर्यंत चार दिवसांच्या खऱ्या वह्या आणि नमुने आले तर ठीक, नाहीतर हे गाव वगळायचं. आणि गाव वगळलं की भुसावळची माणसं कोणाशी ताडून बघायची? तीन वर्षांचं काम तिथंच संपलं असतं. सुनंदा फोन ठेवून ओट्याच्या पायरीवर बसली. मला रागावली असती तर बरं झालं असतं, कारण सगळा घोळ माझ्या जिभेनं घातला होता आणि मला मनापासून लाज वाटत होती.

दुपारी तिनं सगळ्यांना बोलावून समजावलं. तुम्ही रोज खाता तेच खा, तेच लिहा, त्यात कमीपणा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळी नानांच्या घरी पुन्हा पुरण.

"नाना!" सुनंदा जवळजवळ ओरडली.

नाना बिचारे ओशाळले. "ताई, तुमनं बठ्ठं पटनं आमले. पन पाव्हना घरमा आनि त्याले भाकर-ठेचा वाढाना? गाव हसी ना मना तोंडवर!"

यावर उपाय सरूअक्कांनी काढला. त्या म्हणाल्या, "तुमी पाव्हना शेतस ना, मंग पाव्हनचार व्हईच. ओट्यावर बठू नका. कामले लागा."

गच्चीवर

सोमवारी सकाळी सहा वाजता आम्ही कामाला लागलो. बिबड्यांचे दिवस होते. बिबडी म्हणजे ज्वारीचा पापड, पण तो करायची रीत पापडासारखी नाही. ज्वारी भरडून तीन दिवस पाण्यात आंबत ठेवतात, मग वाटून, जिरं, तीळ, लसूण, मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवतात. तो गरम घाटा गच्चीवर ओल्या धोतरावर हातानं थापायचा. आळीतल्या सगळ्या बायका एकीच्या गच्चीवर जमतात, दुसऱ्या दिवशी दुसरीच्या.

सुनंदानं आंबलेल्या ज्वारीवरचे बुडबुडे पाहिले आणि तिचा चेहरा आठवडाभरात पहिल्यांदा खुलला. "हेही जंतूच!" ती म्हणाली. शिजवल्यावर ते मरतात, पण मरायच्या आधी धान्यात बरेच बदल करून जातात, असं तिनं बायकांना सांगितलं. बायकांनी ते ऐकून घेतलं आणि तिच्या हातात पाण्याची वाटी देऊन थापायला बसवलं. तिची पहिली बिबडी आफ्रिका खंडासारखी झाली, हे मी भूगोलाच्या अधिकारानं सांगतो.

माझं काम घाटा ढवळायचं आणि नंतर शेळ्या-कावळे हाकलायचं. एकदा कावळ्यामागे धावताना माझा पाय थेट ओल्या बिबडीवर पडला. पायाच्या पाची बोटांचा सुरेख ठसा उमटला. सरूअक्का अशा हसल्या की त्यांना गच्चीच्या कठड्याला धरावं लागलं. "राहू द्या, राहू द्या," त्या म्हणाल्या, "ती तुमनासाठे तळसूत."

मंगळवारी नानांच्या घरी सकाळचा चहा मागून घ्यावा लागला. कोणी आणून दिला नाही. सुनंदानं मला कोपरानं ढोसलं. ही फारच चांगली खूण होती. आणि बुधवारी दुपारी गच्चीवर, मला आवडतं का वगैरे काही न विचारता, कोणीतरी फडक्यातली भाकरी माझ्या हातावर ठेवली. कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि सालीसकट उडीद दळून केलेली, काळपट, जाड. वर ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. इतका आनंद मला पुरणाच्या ताटानंही झाला नव्हता. आमचा पाहुणचार संपला होता. त्याच दिवसापासून सुनंदानं नव्या वह्या सुरू केल्या.

वह्या खऱ्या झाल्या, आणि काय काय बाहेर आलं! कळण्याची भाकरी होतीच, फुणके-कढी, म्हणजे वाफवलेल्या डाळीचे मुटके आणि कढी होती, मेथी, तूरडाळ होती. पण त्याच्या शेजारी कुरकुरीत पाकिटं होती, सकाळच्या घाईत पाव होता आणि नानांच्या वहीत एका दिवसात साखरेचे अकरा चहा होते. खरं सांगायचं तर सुनंदानंही गावाचं एक ताट मनात आधीच वाढून ठेवलं होतं, नुसत्या भाकरीचं. ते तिला पुसावं लागलं. "असू दे," ती म्हणाली, "आहे ते हे आहे." आणि रात्री गाढ झोपली.

माझी सकाळची साखर त्या आठवड्यात चांगली उतरली. मी लगेच माझ्या जंतूंचं अभिनंदन केलं. सुनंदा म्हणाली, "चार दिवस कावळ्यांमागे धावलास, त्याचा गुण आहे. जंतूंना एवढ्यात श्रेय देऊ नकोस."

गाव वगळलं गेलं नाही, हे इथंच सांगून टाकतो. रविवारी सकाळी तीस घरांतून तीस बाटल्या आल्या, कुणी रुमालाखाली, कुणी संक्रांतीच्या वाणासारख्या पदराआड झाकून. वह्या पुण्याला पोचल्या, मुख्यांनी पास केल्या. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आदल्या दोन संध्याकाळचं.

सरूअक्कांची वही

अक्कांना लिहिता येत नाही. पहिली वही शेजारणीनं भरली होती, नवी मी भरत होतो. रोज सातच्या सुमाराला त्यांच्या घरी जायचं, विचारायचं, लिहायचं. बुधवारी आणि गुरुवारी रात्रीच्या जेवणाचं विचारलं तर त्या झटकन म्हणाल्या, "भाकर-भाजी." मी लिहिलं.

शुक्रवारी गेलो तर त्या दारातच बसल्या होत्या. आत चूल थंड, भांडी घासून पालथी घातलेली. मी सहज म्हणालो, "आज लवकर आवरलं?"

त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "खरं लिखनं शे ना, भाऊ? मंग लिखा. च्या आनि दोन बिस्किट."

"आणि काल? परवा?"

"तेच."

ज्या बाईंनी गावाचं खोटं उघड केलं, त्यांनीच हे खोटं मला लिहायला लावलं होतं. मी काही विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं. मुलगा नरडाण्याला कंपनीत, पाळीची नोकरी, म्हणून सूनही तिकडेच राहायला गेली. दुपारी आळीतल्या बायकांबरोबर खाणं होतं. संध्याकाळी मात्र, "एकलीसाठे चुल्हा कोन पेटाडी?" हे त्या हसत म्हणाल्या. तक्रार म्हणून नव्हे, हवापाणी सांगावं तसं.

मी घरी येऊन सुनंदाला सांगितलं. ज्या अक्कांचं पोट भाकरीवर पोसलंय म्हणून तिकडे दीर निर्धास्त होता, त्याच अक्का रात्री त्याच्यासारखीच बिस्किटं खात होत्या. अभ्यासाच्या दृष्टीनं ही मोलाची नोंद होती. सुनंदानं दोन्ही दिवसांच्या नोंदी दुरुस्त केल्या, सही केली, आणि मग बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत बसली.

शनिवारी संध्याकाळी ती म्हणाली, "चल, अक्कांकडे जेवायला जाऊ."

मी चमकलो. आठवडाभर हिनंच मला बजावलं होतं की आपल्यामुळे कुणाच्या ताटात फरक पडता कामा नये. "नियमात बसतं?" मी विचारलं.

"नाही बसत."

"मग?"

"मग काय? त्यांची शनिवारची नोंद बिघडेल. तशी टीप देईन मी. चल."

आम्ही कामाची माणसं झालो होतो, त्यामुळे न सांगता गेलेलं चाललं. अक्कांनी आम्हाला पाहिलं, काही विचारलं नाही, उठून चूल पेटवली. सुनंदा कांदे सोलायला बसली, मी पाणी भरलं. अक्का भाकरी थापत होत्या आणि बोलत होत्या. कापसाबद्दल, भुसावळच्या दिराबद्दल, तरुणपणी एका दिवसात सहा घरच्या बिबड्या थापल्या त्याबद्दल. इतकं बोलताना मी त्यांना गच्चीवरही ऐकलं नव्हतं. तिघं चुलीपुढेच जेवलो.

जेवण झाल्यावर मी वही काढली. शनिवार, रात्र. कळण्याची भाकरी दीड, ठेचा, कांदा, ताक.

"आनि?" अक्का म्हणाल्या.

"आणखी काय खाल्लंत?"

"खायेल नही काही. तीन जन जेवनूत, हाई लिखा ना."

छापील वहीत काय खाल्लं आणि किती खाल्लं एवढेच रकाने होते. मी सुनंदाकडे पाहिलं. तिनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि समासात लिहिलं: तिघांनी मिळून जेवण. मग ती थांबली आणि वहीची पानं मागे उलटू लागली.

"अक्का, शुक्रवारी कोण होतं जेवायला?"

"मी."

"गुरुवारी?"

"मीच."

"बुधवारी?"

"ओ बाई, तेच तेच काय ईचारस? मी एकलीच राहस."

सुनंदा खाली मान घालून समासात लिहीत होती. एकटी. एकटी. एकटी. कोणत्या जंतूला याचा काय फरक पडतो हे तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. पण आम्ही इतक्या लांब येऊन, तीस घरांतली चिमूटभर मिठापर्यंतची नोंद घेऊन, हे कोणाला विचारलंच नव्हतं. माझे डोळे भरून आले. लपवायला तिथं जागाही नव्हती, चुलीचा उजेड थेट तोंडावर होता.

अक्कांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि ताकाचं भांडं माझ्यापुढे सरकवलं.

"ठेचा तिखट व्हयना का, भाऊ?"

मी हो म्हणालो.